तिसऱ्या कर्ण्याआधी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात आळे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)





मला विषय दिलाय आपत्ती व्यवस्थापन. नाव ऐकूनच निम्मी मंडळी चहाला उठतील, म्हणून आधीच सांगतो की मी कुठली योजना वाचून दाखवणार नाही. मी फक्त शब्द सांगणार आहे. तलाठी म्हणून नोकरी केली, वरून आलेले कागद वाचण्यात उमेद गेली. त्या कागदातले शब्द आता कागदात राहिले नाहीत. ऑरेंज अलर्ट, विसर्ग, क्युसेक, इशारा पातळी, गोल्डन अवर. मोबाइलवर येतात, टीव्हीच्या खालच्या पट्टीत पळतात, वारीच्या वाटेवर भोंग्यातून ऐकू येतात. ऐकतो सगळेच. ऐकून उठायचं की बसून राहायचं, एवढंच कळत नाही. आणि ते कळलं नाही तर शब्द ऐकला काय, न ऐकला काय, सारखंच.

खरं तर वारकऱ्याला ही विद्या नवी नाही. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावरून निघताना कर्णा किती वेळा होतो? तीन वेळा. पहिला झाला की आवराआवर, राहुट्या सोडायच्या, वळकट्या बांधायच्या. दुसरा झाला की आपापल्या दिंडीत जागेवर उभं राहायचं. तिसऱ्याला चालायचं. तिसरा कर्णा झाल्यावर कुणी राहुटीची दोरी सोडायला बसत नाही. बसला तर दिंडी त्याच्यासाठी थांबत नाही.

हवामान खात्याचे रंग नेमके हेच आहेत. हिरवा म्हणजे काही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हा पहिला कर्णा. नारिंगी म्हणजे तयार राहा, हा दुसरा. लाल म्हणजे कृती करा, हा तिसरा. आपली गंमत अशी की लाल आला की आपण पहिल्या कर्ण्याची कामं सुरू करतो. लाल इशाऱ्याला जनावरांचं दावं शोधायचं नसतं, ते पिवळ्याला शोधून खुंटीला लावायचं असतं.

यातले आकडेही समजून घ्या. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं पाऊस झाला की त्याला जोरदार म्हणतात, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. मिलिमीटर म्हणजे आपल्याला नखाएवढं वाटतं. शेतकऱ्याच्या हिशेबानं सांगतो. एका गुंठ्यावर २०४ मिलिमीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटरच्या पुढं पाणी होतं, दुष्काळात येतात तसे दहा हजारी टँकर दोन. एकराला ऐंशी टँकर. एका दिवसात. हे डोंगराच्या उतारावर ओतलंय असं समजा, मग रंग लाल का करतात ते कळेल.

आता आळेकर म्हणतील, परवा रेड अलर्ट होता आणि आमच्याकडं ऊन पडलं होतं. बरोबर आहे. इशारा बहुतेक वेळा जिल्ह्याचा असतो, गावाचा नसतो. त्यातही पुणे जिल्ह्याचा घाटमाथा वेगळा सांगतात, तो शब्द नीट ऐका. घाटमाथा म्हणजे भीमाशंकर, माळशेज, नाणेघाट, आहुपे. आपण पूर्वेला, पावसाच्या सावलीत. पण आपली माणसं कुठं असतात? श्रावणात भीमाशंकरला. भाजीचा टेम्पो घेऊन रात्री माळशेजमधून कल्याणला. आणि घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कुकडी, मीना, घोड या नद्यांतून आपल्याच दाराशी येतं. इथं ऊन पडलं म्हणून इशारा खोटा ठरत नाही.

घाटमाथा म्हटलं की माळीण आठवल्यावाचून राहत नाही. ३० जुलै २०१४, बुधवार, सकाळ. आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. डोंगराचा कडा सुटला, चाळीसहून जास्त घरं गाडली गेली, १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी गाव दिसेना, चिखलच दिसला, आणि त्यानं ती बातमी बाहेर पोचवली. त्या गावातल्या कुणाला सांगायला सवडच मिळाली नव्हती.

तेव्हापासून 'भूस्खलन' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. मला तो फारसा आवडत नाही, कारण म्हातारी माणसं तो ऐकून न ऐकल्यासारखं करतात. आपला 'दरड' हा शब्द चांगला आहे. पण त्यातही एक खोच आहे. दरड म्हटलं की रस्त्यावर आलेले चार धोंडे डोळ्यांपुढं येतात. माळीणला धोंडे आले नाहीत, सगळा उतारच चिखल होऊन वाहत आला. म्हणून डोंगरपायथ्याच्या पाहुण्यांना, सोयऱ्यांना सांगताना नुसता शब्द सांगू नका, खुणा सांगा. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली. झाडं, विजेचे खांब कलायला लागले. कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतंय. निवळ झऱ्याला गढूळ पाणी आलं, किंवा कोरड्या जागी नवा झरा फुटला. भर पावसात वाहता ओढा एकाएकी आटला, म्हणजे वर कुठं तरी तो अडलाय. यातलं काहीही दिसलं तर लाल रंगाची वाट बघायची नाही. त्या गावाचा कर्णा तोच. पोराबाळांना घेऊन बाजूला निघायचं, ओढ्याच्या वाटेनं खाली धावायचं नाही, आणि मग फोन करायचा. इर्शाळवाडीवर २०२३ च्या १९ जुलैला दरड आली ती रात्री, माणसं झोपेत असताना. म्हणून या खुणा उजेडात बघून ठेवायच्या आणि शंका आली तर ती रात्र दुसरीकडं काढायची. याला सरकारी भाषेत 'स्थलांतर' म्हणतात. आपल्याकडं त्या शब्दानं माणूस घाबरतो, त्याला वाटतं घर कायमचं गेलं. तात्पुरतं शाळेत, समाजमंदिरात मुक्कामाला जाणं म्हणा. वारकऱ्याला मुक्काम हलवायला काय जड आहे?

माळीणचीच आणखी एक गोष्ट. चिखलाखालून तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला, म्हणून ते बाळ आणि त्याची आई जिवंत हाती लागली. मदतीला आले होते एनडीआरएफचे जवान, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. त्यांची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात आहे, मावळात सुदुंबऱ्याला. संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आहे तेच सुदुंबरे. हे लोक ढिगाऱ्यावर काम करताना मधूनमधून यंत्रं बंद करतात, सगळ्यांना गप्प करतात, कान देऊन ऐकतात. आणि आपले बघे त्याच वेळी मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत असतात. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंच केला की हजारो माणसं गप्प होतात ना? तशी शांतता तिथं पाळायची. ती मदतच आहे.

आता पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, लिटरमध्ये सव्वाअठ्ठावीस, म्हणजे धरा दोन हंडे. एक लाख क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला दोन लाख हंडे. 'विसर्ग' म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, आणि 'टीएमसी' म्हणजे धरणात साठलेलं. हे दोन शब्द लोक एकमेकांत घालतात. साधारण साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी खाली होतं.

पंढरीच्या वारकऱ्यानं ध्यानात ठेवायचं ते वेगळंच. आपल्या कुकडी-घोडीचं पाणी भीमेला मिळून उजनीत जातं. उजनीच्या खाली नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, तिच्यावर वर वीर धरण आहे. म्हणजे चंद्रभागेत येतं ते उजनीचंही आणि वीरचंही. बातमीत एकाच धरणाचा आकडा ऐकून 'एवढ्यानं काय होतंय' म्हणू नका, दोन्हींची बेरीज करा. आणि सोडलेलं पाणी पंढरपूरला पोचायला तास लागतात. सकाळी वाळवंटात पाणी शांत दिसलं याचा अर्थ सकाळचं पाणी शांत आहे, एवढाच. 'इशारा पातळी' म्हटलं की वाळवंटातलं सामान उचलायचं, स्नान काठावर तांब्यानं करायचं. 'धोका पातळी' म्हटलं की घाटावर थांबायचंच नाही. माउली मला नेईल तर नेईल, असं म्हणणारी माणसं भेटतात. त्यांना मी सांगतो, बुवा, तुम्हाला शोधायला पाण्यात उतरणारा पोरगा कुणाचा तरी असतो.

विजेचं थोडक्यात. ढगाचा गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. मोकळ्या माळावर उंच धरलेल्या पताका खाली घ्या, एकट्या झाडाखाली गर्दी करू नका, पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलंय, ते पोरांनी दिंडीतल्या चार-पाच मोबाइलवर तरी टाकून द्यावं. आणि २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम भोंग्यासारखे ओरडले होते, आठवतंय? ती सरकारची चाचणी होती. खऱ्या वेळीही तसाच ओरडेल. घाबरून बंद करायचा नाही, खाली लिहिलेलं वाचायचं.

'इमर्जन्सी किट' असा एक शब्द आहे. शहरात त्यावर व्याख्यानं होतात. आपण शंभर वर्षं ती खांद्यावर वाहतोय, तिला पडशी म्हणतात. फक्त आत काय असतं ते बघा. टाळ असतात, गंधाची डबी असते, रक्तदाबाची गोळी मात्र ट्रकमधल्या पिशवीत असते, आणि ट्रक चार कोस पुढं गेलेला असतो. गोळ्या पडशीत हव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. बॅटरी हवी, शिट्टी हवी. शिट्टीला हसू नका, माणूस ओरडून दमतो, फुंकून दमत नाही. जीवनजलाची पाकिटं हवीत. नसलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा. मीठ जास्त करू नका. उन्हात माणसाचं अंग तापलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला तर ती नुसती चक्कर नाही, उष्माघात आहे. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तीर्थसुद्धा नको.

शेवटी 'गोल्डन अवर'. आळेफाटा म्हणजे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना कापतात ती जागा, अपघात आपल्याला सांगायला नकोत. अपघातानंतरचा पहिला तास म्हणजे गोल्डन अवर. त्या तासात इलाज मिळाला तर माणूस वाचण्याची आशा सगळ्यात जास्त, हे आता मोटार वाहन कायद्यातच लिहिलंय. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात आणखी एक गोष्ट आली. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यापायी खटला होत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती नाही. पोलिसाच्या भीतीनं बाजूनं निघून जायचे दिवस गेले. त्याच साली १९ नोव्हेंबरला दिवे घाटात, आळंदीला निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत जेसीबी शिरला आणि दोघांचा जीव गेला. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालताना पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. पताकेच्या काठीला हात-दोन हात पट्टी लावली तरी ट्रकवाल्याला लांबून दिसतं. खर्च किती, एका पंगतीच्या गुळाएवढा.

फोन नंबर फार सांगत नाही, राहत नाहीत. पोलीस, आग, काहीही असो, ११२. रुग्णवाहिका १०८. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६. आपल्या भागात काकड्याला जाणाऱ्या माणसाला तो शेवटचा पाठ हवाच. फोन लागला की आधी जागा सांगायची. आपली माणसं आधी हकिगत सांगतात, मग बॅलन्स संपतो. 'लवकर या' म्हणून उपयोग नाही. रस्ता कुठला, कुठल्या गावापासून किती पुढं, डाव्या अंगाला की उजव्या, मैलाच्या दगडावर आकडा काय, हे सांगायचं.

समाजआरतीला सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूंची घोषणा होते. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. इतकी चोख व्यवस्था पूर्वजांनी घालून दिली, पण हरवलेलं माणूस सापडलं आणि त्याला बोलता येईना, तर त्याच्या अंगावर ओळख सांगणारं काही नसतं. म्हणून यंदाच्या प्रस्थानाआधी मी एक काम मागतोय. प्रत्येकाच्या गळ्यात, माळेच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठी. नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि रथापुढची की रथामागची, घरच्यांचा फोन, रक्तगट, कुठला आजार, कुठली गोळी. चिठ्ठ्या छापून तयार आहेत. महाप्रसादाच्या मंडपात उजव्या हाताला टेबल मांडलंय, तिथं शाळेतल्या दोन मुली लिहून देतायत. ज्यांना रक्तगट माहीत नाही त्यांनी ती जागा मोकळी ठेवा, अंदाजानं काही लिहू नका. पंगतीला बसण्याआधी चिठ्ठी घ्या, जेवल्यावर माणूस उठत नाही.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल.