शिकणाऱ्याचे घड्याळ



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची आपली प्रथा दीडशे वर्षांची आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. परीक्षा नाही, हजेरीपट नाही, वयाची अट नाही. दिवसभराचे काम आटोपून माणसाने यावे, तास दीड तास ऐकावे, आणि घरी जाताना शेजाऱ्याशी त्यावर वाद घालावा, एवढीच त्यातली व्यवस्था. आजन्म शिक्षण हा शब्द अलीकडे बराच कानावर येतो. पण त्याचा एक जुना आणि चालता नमुना म्हणजे आत्ता आपण सारे जिच्यात बसलो आहोत ती ही सभाच होय. तेव्हा या विषयावर बोलावयाचे तर तो आपल्या अंगणातूनच सुरू करावा, असे आम्हांस वाटले.

मात्र आरंभीच एक प्रश्न विचारला पाहिजे. या सभेस कोण आले आहेत, आणि कोण येऊ शकले नाहीत? आपल्या पालघर-बोईसर-तारापूर भागात माणसांचे दिवस एका घड्याळावर चालत नाहीत. सातपाटी, मुरबे, दांडी येथील कोळी बांधवांचे घड्याळ समुद्र चालवितो. उधाण केव्हा, भांग केव्हा, वारा कोणता, यावर त्यांची झोप आणि जेवण ठरते. पूर्वेकडच्या पाड्यांतील वारली, कोकणा, कातकरी यांचे घड्याळ पावसाचे. आवणी, निंदणी, कापणी, आणि दिवाळी झाली की घरदार पाठीवर घेऊन वीटभट्टीची वाट. बोईसरच्या कारखान्यांत घड्याळ म्हणजे पाळी. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. आणि पालघर-बोईसरच्या फलाटांवर पहाटे उभा राहणारा जो मोठा वर्ग आहे, त्याचे घड्याळ आगगाडीचे. २०१३ साली डहाणूपर्यंत उपनगरी लोकल आली, तेव्हापासून तर हा वर्ग वाढतच गेला आहे.

संध्याकाळच्या व्याख्यानाची वेळ यांपैकी किती जणांना सोयीची? आजचे आमचे सारे सांगणे या एका प्रश्नाभोवती आहे. शिक्षण लोकांपर्यंत पोहोचत नाही याचे खापर आपण लोकांच्या अनास्थेवर फोडतो. आमचे म्हणणे असे की, दोष बहुधा घड्याळाचा असतो. जेव्हा शिकविणाऱ्याने स्वतःचे घड्याळ बाजूला ठेवून शिकणाऱ्याचे घड्याळ हातात घेतले, तेव्हा याच मातीत शिक्षण उत्तम रुजले आहे.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणी मान्य करू या. ज्याला अक्षर येत नाही तो अडाणी, ही समजूत या जिल्ह्यात क्षणभरही टिकत नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. ती बाई लग्न लावते. तासन्‌तास चालणारी गाणी तिला तोंडपाठ असतात. ती गाते त्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला असतो, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. हीच चित्रविद्या पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तांडेलाला ताऱ्यांचे, पाण्याच्या रंगाचे आणि तळाच्या चिखलाचे जे ज्ञान असते ते पुस्तकात शोधून सापडावयाचे नाही. चिंचणी-तारापूरच्या बाजूला घरोघरी दागिन्यांचे साचे, ज्यांना आपण ‘डाय’ म्हणतो, ते कोरणारे कारागीर आहेत. त्यांची शाळा म्हणजे बापाच्या शेजारची बैठक. आणि कीर्तन तर आपल्या प्रौढांची जुनी पाठशाळाच. केळवे-माहीमशी ज्यांचे नाते, ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असूनही कीर्तनाला उभे राहत. वर्गात जे पन्नासांना सांगावयाचे ते देवळात पाचशेंना सांगता येते, हे अशा माणसांना ठाऊक असते.

मग अक्षर कशाला हवे? याचे उत्तर इतिहासाने फार कठोरपणे दिले आहे. या जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. लग्न हा आनंदाचा सोहळा; त्यासाठी गरीब वारली तरुण सावकाराकडून अथवा जमीनदाराकडून थोडे पैसे घेई, आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही त्याच्या दारी राबू लागत. कर्ज किती घेतले, किती फिटले, हिशेबात काय मांडले, हे वाचता येत नसल्यामुळे ती फेड जन्मभर संपत नसे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, आणि वेठबिगार व लग्नगडी यांचे जोखड त्यांनी झुगारून दिले. ते बळ संघटनेचे होते, यात शंका नाही. परंतु एका अंगठ्यामागे एक आयुष्य गहाण पडू शकते, हा त्यातला धडा आपण विसरता कामा नये.

योगायोग असा की, त्याच १९४५ साली, त्याच किनाऱ्यावर, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळा बांधून मुलांची वाट पाहिली असती, तर बहुधा त्या वाटच पाहत बसल्या असत्या. कारण पाड्यावरचे मूल रिकामे नसते. धाकट्याला सांभाळणे, गुरे राखणे, हा त्याचा दिवस. तेव्हा या बायकांनी शाळाच उचलून पाड्यावर नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चरत असतील त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. गुरे चरताहेत, आणि गुराखी दगड-पाने मोजत गणित शिकतो आहे! अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे. त्याची पाळेमुळे आपल्या या किनाऱ्याच्या मातीत आहेत, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यामागची युक्ती ध्यानात ठेवावी. पुढे नव्वदीच्या दशकात विधायक संसदेने वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, त्याही याच युक्तीने. भट्टीवरच्या मजुराची झोपडी ती भोंगा. मूल जेथे मुक्कामाला, शाळाही तेथेच.

अनुताईंचे स्वतःचे शिक्षण या विषयाला फार उद्बोधक आहे. १९१० साली जन्म; तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीची पाटी बहुधा तेथेच फुटत असे. पण त्या शिकून शिक्षिका झाल्या, नोकरी करीत रात्रीच्या शाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या, आणि १९६१ साली, म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पदवीधर झाल्या. पंचवीस वर्षांच्या आत शिकून संपले, असे मानणाऱ्या आपल्या समाजापुढे हा केवढा मोठा दाखला! दुसऱ्यांना शिकविणारी बाई स्वतः शिकावयाची थांबली नव्हती. म्हणूनच तिचे शिकविणे जिवंत राहिले.

प्रौढांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर गेली. १९७२ साली युनेस्कोने तिचा गौरव केला. तिच्यात गावातीलच शिकलेले लोक रात्री बिनशिकलेल्यांना शिकवीत, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. म्हणजे साक्षरतेचा सण! कल्पना सुंदर होती. पण अनेक ठिकाणी समारंभानंतर वाचावयाला काही राहिले नाही, आणि कष्टाने आलेली अक्षरे पुन्हा पुसट झाली. लोखंड वापरात राहिले तरच गंजत नाही. अक्षराचेही तसेच आहे.

अलीकडचे उदाहरण शेजारच्या ठाणे जिल्ह्यातले घ्या. मुरबाड तालुक्यातील फांगणे या छोट्या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन, घरकाम उरकल्यावर दुपारी वर्गाला बसू लागल्या. घंटा बायकांच्या सवडीने वाजली, म्हणून वर्ग भरला.

आता कोणी म्हणेल, ‘अहो, हातात मोबाईल आला, तो बोलतो, दाखवितो. अक्षराची एवढी काय मातब्बरी?’ आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण गंमत पाहा. सहीने हद्दपार केलेला अंगठा या नव्या यंत्रयुगात परत आला आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा, बँकेच्या व्यवहारात अंगठा. पदवीधरही अंगठाच देतो. तेव्हा आज भेद सही आणि अंगठा यांत उरलेला नाही. आपण अंगठा कशावर ठेवला, यंत्राने किती धान्य लिहिले, किती पैसे वळते केले, हे ज्याला वाचता येते तो एक. आणि ज्याला येत नाही तो दुसरा. लग्नगड्याचा प्रश्न तो हाच होता, केवळ वही बदलली.

आणि आपल्या भागात या वहीत आज काय लिहिले जात आहे? १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र चालू झाले. त्याच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, आणि पाड्यापाड्यांवर दाव्यांचे कागद फिरू लागले. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला जिल्हा स्वतंत्र झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघर येथे झाली; कोणी त्यात रोजगार पाहतात, तर किनाऱ्यावरचे अनेक मच्छीमार त्यात आपल्या दर्याचा अंत पाहतात. बंदर असावे की नसावे, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, भूसंपादनाची नोटीस, मोबदल्याचा तक्ता, जनसुनावणीचा अहवाल, कारखान्यातील रसायनाच्या पिंपावरची धोक्याची सूचना, हे सारे ज्यांच्या जिवाशी निगडित आहे त्यांना ते स्वतः वाचता आले पाहिजे. दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या कागदावर कोणाच्याही भवितव्याचा सौदा होऊ नये. भविष्याची आशा करावयाची ती या पायावर.

मग करावे काय? सरकारने करावयाचे ते सरकारला सांगूच. पण जे आपल्या हातचे आहे ते आधी पाहू.

पहिले, वेळ. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि कोळीवाड्यात जाळी विणली जातात. कोळीवाड्याचा वर्ग तेव्हा भरावा. वाचनालय दुसरी पाळी सुटल्यावर बंद असेल, तर ते पहिल्या पाळीच्या कामगारापुरतेच झाले. आठवड्यातून एखादी रात्र तरी ते उशिरापर्यंत उघडे ठेवू या. गाडीतला तासाचा प्रवास हा तर फिरता वर्गच आहे. ज्या डब्यात भजन रंगते, तेथे आठवड्यातून एक दिवस एखादे पुस्तक वाचून का होऊ नये?

दुसरे, वाचावयाचे काय. प्रौढ माणसाला ‘कमळ, बदक’ किती दिवस पुरणार? त्याच्या घरातला सात-बारा, विजेचे बिल, पासबुक, औषधाची चिठ्ठी, पोरीच्या शाळेची सूचना, हेच त्याचे पहिले पुस्तक. ते त्याच्या वारली, मांगेली बोलीत समजावून घेऊन मग मराठीत वाचावे. घरात आलेला कागद जोवर येत राहील, तोवर वाचनही चालू राहील.

तिसरे, सण. सण म्हणजे माणसे आपण होऊन एकत्र येतात तो दिवस. सातपाटीला नारळीपौर्णिमा असते, पाड्यावर वाघबारस असते, जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असतो, विवळवेढ्याला चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरते, गणेशोत्सव गल्लोगल्ली असतो आणि दसऱ्याला लोकलचे डबेसुद्धा सजतात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांना वंदन करावयास आपण दर वर्षी जमतोच. या प्रत्येक प्रसंगी एक तास बाजूला काढावा. त्या वर्षी ज्यांनी अक्षरे हस्तगत केली, त्यांच्यापैकी एकाने अथवा एकीने उभे राहून सर्वांसमोर काहीतरी वाचून दाखवावे. मग ते चार ओळींचे का असेना! वर्गणीचा हिशेब वाचला तरी चालेल. उलट तोच वाचावा, कारण हिशेब लोकांसमोर वाचला जाण्याची सवय ही लोकशाहीची पहिली इयत्ता आहे.

आणि या व्यवहारात देणे एकतर्फी नसावे. पासबुक वाचावयास शिकविणाऱ्या आपल्या मुलाने धवलेरीकडून तिची गाणी ऐकून लिहून घ्यावी. तांडेलाकडून वाऱ्याची नावे शिकावी. ज्याच्याजवळ जे आहे ते त्याने द्यावे, नाही ते घ्यावे. असे झाले तर शिकणाऱ्याला कमीपणा वाटणार नाही, आणि शिकविणाऱ्याला ताठा चढणार नाही.

पुढील वर्षी ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा तिचे एक पुष्प सातपाटीच्या बंदरावर, एक एखाद्या पाड्याच्या अंगणात आणि एक बोईसरला रात्री पाळी सुटल्यावर गुंफले जावे, अशी विनंती आम्ही चालकांस करतो. श्रोते तेथे आहेतच. जावयाचे आहे ते आपल्याला.