‘नर्सबाई’ नव्हे, मेजर!

आज मी राहूतून बोलतेय. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा, मधे ऊस आणि गुऱ्हाळं, असं हे आपलं राहू बेट. ज्यांना ऐकायला सवड होत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे बोलणं लिहूनही देतेय.

विषय आहे युद्धकाळात सैन्यात नर्स म्हणून काम केलेल्या बायकांचा.

माझ्या नात्यातल्या एक आत्या सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झाल्या. त्याच सुमारास भावकीतले एकजण सुभेदार म्हणून परतले. गाव त्यांना ‘सुभेदारसाहेब’ म्हणायचं, आणि आत्यांना ‘नर्सबाई’. आता मला सांगा, मेजरचा हुद्दा मोठा की सुभेदाराचा? सुभेदारांचा मान कमी करा असं मी म्हणत नाही. पण आत्यांचा हुद्दा कुणी विचारलासुद्धा नाही, हे मला सलतं.

लष्करी नर्स ही अधिकारी असते. लेफ्टनंट म्हणून तिची सुरुवात होते. वैद्यकीय शाखा सोडली तर सैन्याच्या इतर शाखांत बायकांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला १९९२ पासून. त्याच्या कितीतरी आधी, १९७६ साली, गर्ट्रूड अ‍ॅलिक राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यातल्या त्या हुद्द्यावरच्या पहिल्या बाई, आणि त्या नर्सिंग सेवेतल्या होत्या. हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत शिकवलं?

ही परंपरा जुनी आहे. १८८८ साली लष्करी दवाखान्यांसाठी १० नर्स विलायतेहून मुंबईत उतरल्या. पुढे १९२६ मध्ये भारतातल्या लष्करी नर्सिंग सेवेला कायमचं रूप आलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातूनही नर्स इकडे आल्या. त्यातल्या एमी ओ’ग्रेडी १९१६ साली मुंबईत कॉलऱ्यानं गेल्या. त्यांचं नाव आपल्या पुण्यात, खडकीच्या युद्धस्मारकावर आहे. गोळी लागली नाही, तरी ते युद्धातलंच मरण.

आणि काम कसलं? जखमी आले की कुणाला आधी आत घ्यायचं ते ओळखायचं. रक्त थांबवायचं, इंजेक्शनच्या वेळा सांभाळायच्या, रात्री ओरडत उठणाऱ्याजवळ थांबायचं. १९७१ चं युद्ध डिसेंबरात १३ दिवसांत संपलं. रेडिओवर बातमी आली, पेढे वाटले. पण वॉर्डातलं युद्ध १३ दिवसांत संपतं होय? पाय गेलेल्या जवानाला पुन्हा उभं करायला महिने जातात. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, ते अशाच माणसांसाठी. तिथवर पोचेपर्यंत त्याची जखम कुणी ना कुणी रोज धुतलेली असते.

या बायकांना सैन्यातही सगळं सरळ मिळालं नाही. लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी लग्न केलं, म्हणून १९८८ मध्ये त्यांना नोकरीतून काढलं. तसा नियमच होता, १९७७ चा. तो १९९५ मध्ये मागे घेतला. सेलिनाबाई मात्र लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा नियम उघड मनमानी आणि स्त्री-पुरुष भेदाचा होता, त्यांना ६० लाख रुपये द्या. निकाल लागला, पण गेलेल्या ३६ वर्षांची नोकरी थोडीच परत मिळते?

म्हणून मला वाटतं, १२ मेला, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल देऊन सत्कार उरकू नये. सत्कार म्हणजे तिला सैनिकांत मोजणं. १५ ऑगस्टला झेंड्यापाशी माजी सैनिकांची नावं पुकारतात, त्यात तिचं नाव हुद्द्यासकट पुकारा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर नावं असतील, तर त्यात तिचंही घाला. आपल्या गावात अशी कुणी आहे का, हे आधी घरोघर विचारा. माहेरच्या गावानं विचारायचं आणि सासरच्यानंही. कारण लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि बाई दोन्ही याद्यांतून सुटते.

आणि बारावीला जीवशास्त्र घेतलेली एखादी पोरगी म्हणाली, मला सैन्यात नर्स व्हायचंय, तर “कशाला ती कामं?” असं म्हणू नका. लष्कराचं नर्सिंग कॉलेज पुण्यातच आहे. चार वर्षं शिकून ती खांद्यावर दोन तारे लावून बाहेर पडेल. गावी येईल तेव्हा तिला काय हाक मारायची, ते आत्ताच ठरवून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. रामराम.