वर्गातील लेखन वाचकांपर्यंत

(पत्रकारिता अभ्यासक्रमाचे विद्यार्थी व अध्यापक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मराठी वृत्तपत्र आणि अध्यापन यांचे नाते जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. १८८१ साली ‘केसरी’ काढणारी मंडळी त्या वेळी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल चालवीत होती. शिकविणारा माणूस आणि छापील पान यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. आज मात्र आपले विद्यार्थी चांगली वार्तापत्रे लिहितात, त्यांना गुण मिळतात आणि ते कागद विभागाच्या कपाटात जातात. हे लेखन वाचकांपर्यंत कसे पोहोचेल, याचा विचार आज आपण करू.

आरंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या नळपाणी योजनेविषयी वार्तापत्र लिहिले आणि ते एका दैनिकात प्रसिद्ध झाले. योजना पाच महिने बंद असल्याचे त्यात म्हटले होते. पंपाची नोंदवही पाहिली, तेव्हा तो सात आठवडे बंद असल्याचे आढळले. खुलासा माझ्याच सहीने गेला. त्यातील अक्षर न् अक्षर खरे होते. परंतु त्यानंतर सारी चर्चा आकड्याची झाली, पाण्याची झाली नाही. सात आठवडे त्या गावच्या स्त्रियांनी दूरच्या विहिरीवरून पाणी वाहिले, ही वस्तुस्थिती कोणीच नाकारली नव्हती; ती मागे पडली.

पुढे टपालाची धारिका चाळताना त्या विद्यार्थिनीचे पत्र हाती लागले. लेख देण्यापूर्वी तिने हीच माहिती आमच्याकडे मागितली होती. ‘वर्गातला काही उपक्रम असेल,’ अशा समजुतीने मी ते बाजूस ठेवले होते. आकडा तिचा चुकला खरा; पण तो वेळीच दुरुस्त करण्याची संधी मी दवडली होती.

या प्रसंगातून विद्यार्थ्यांनी एवढेच घ्यावे की, प्रसिद्धीसाठी लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक आकड्यामागे एखादा कागद किंवा दोन स्वतंत्र साक्षी हव्यात. ग्रामसभेचे इतिवृत्त, पंचायतीचे जमाखर्च, कामाची नोंदवही ही खरी साधने होत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून कोणाही नागरिकास अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांच्या आत निर्णय कळविणे बंधनकारक असते. म्हणून अर्ज लेखनाच्या शेवटी नव्हे, विषय निश्चित होताच करावा. कलम ४ अन्वये पुष्कळशी माहिती कार्यालयांनी आपण होऊनच प्रकट करावयाची असते. ती आधी पाहावी.

दुसरी गोष्ट संपादकांशी होणाऱ्या व्यवहाराची. संपूर्ण लेख धाडण्यापूर्वी चार-पाच ओळींचे पत्र लिहावे. विषय काय, त्यात नवे काय, आपण कोणाकोणाशी बोललात आणि मजकूर केव्हा देऊ शकाल, एवढे त्यात असले की पुरे. एकच लेख एकाच वेळी दोन पत्रांकडे पाठवू नये. मानधन व हक्क यांविषयी लेखी ठरवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला, स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हाच सामान्यतः आपल्या लेखनाचा प्रथम स्वामी असतो. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे, तर ते लेखी असावे लागते आणि मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची धरली जाते. नवोदितांना याची माहिती क्वचितच असते.

अध्यापकांस विनंती अशी की, आपण विद्यार्थ्यांचे पहिले संपादक व्हावे. भाषेला गुण देता, तसे पडताळणीलाही द्यावेत. विद्यार्थ्याच्या लेखावर नाव विद्यार्थ्याचेच असावे. आणि आपणही लिहावे. कारण ज्याचा लेख कधी परत आला नाही, त्याला परत आलेल्या लेखाचे दुःख आणि त्याची दुरुस्ती शिकविता येत नाही. पी. साईनाथ यांनी मुंबईत पत्रकारितेचे अध्यापन अनेक वर्षे केले आणि वार्तांकनही चालू ठेवले. त्यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात विद्यार्थ्यांचे लेखनही प्रसिद्ध होते. वर्गातले काम वाचकांपर्यंत जाऊ शकते, याचा हा पुरावाच आहे.

शेवटचे दोन शब्द माझ्या सहकाऱ्यांसाठी आणि पंचायत सदस्यांसाठी. विद्यार्थी माहिती मागावयास आला, तर त्याला बसावयास सांगा आणि नोंदवही दाखवा. चुकीच्या बातमीचा खुलासा करण्यापेक्षा बरोबर बातमीस साहाय्य करणे सोपे असते, आणि गावाच्या हिताचेही. ते पत्र आज माझ्या टेबलावर आले, तर त्याचे उत्तर त्याच दिवशी जाईल.