देशी घोड्यांची डर्बी

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या मनात प्रथम जुगाराची कल्पना येते. रेसच्या नादापायी धुळीस मिळालेल्या संसारांच्या कथा आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. परंतु ‘डर्बी’ या शर्यतीला पैजेखेरीज आणखी एक अर्थ आहे. ती वंशाची परीक्षा आहे.

इंग्लंडात एप्सम येथे 1780 साली तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ही शर्यत सुरू झाली. 1784 पासून तिचे अंतर दीड मैल झाले. कोवळ्या वयाच्या घोड्याला एवढ्या अंतरावर नुसता वेग पुरत नाही, दमही लागतो. हे दोन्ही गुण ज्याच्या अंगी सिद्ध झाले, त्याचा वंश वाढवावा, असा पैदास करणाऱ्यांचा शिरस्ता पडला. म्हणूनच ज्या देशाला स्वतःचे घोडे हवेसे वाटले, त्याने स्वतःची डर्बी सुरू केली. जर्मनीत हँबर्ग येथे ती 1869 साली सुरू झाली. ‘जर्मन डर्बी’ हे नाव तिला 1889 साली मिळाले.

आपल्याकडे मात्र नामांकित घोडा म्हणजे समुद्रापलीकडचा, मग तो अरबस्तानचा असो, ऑस्ट्रेलियाचा असो वा विलायतेचा, अशी समजूत दीर्घकाळ होती. इथे जन्मलेले शिंगरू दुय्यम ठरे. या समजुतीला उत्तर मिळाले ते महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. 1943 साली मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर केवळ देशात पैदा झालेल्या घोड्यांसाठी ‘कंट्री ब्रेड डर्बी’ धावली. तीच पुढे ‘इंडियन डर्बी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

पहिला मान मिळवला तो ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने. तिचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, आणि स्वार होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. याच महाराजांनी आपल्या आजोबांचे नाव दिलेल्या ‘सयाजीराव’ या घोड्याने 1947 साली इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. मात्र तो घोडा विलायतेतच पैदा झालेला होता. आपल्या भूमीवरच्या पैदाशीची कसोटी महालक्ष्मीवरच लागावयाची होती.

आपली डर्बी फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी, 2400 मीटर अंतरावर होते. मुंबईचा हंगाम हिवाळ्याचा. पावसाळ्यात शर्यती पुण्यास जातात. त्याच पुण्याच्या परिसरात पैदाशीचे तबेले वाढीस लागले. 1977 ची डर्बी जिंकणारा ‘स्क्वाँडरर’ 19 शर्यतींपैकी 18 जिंकून गेला. देशी घोडा दुय्यम नव्हे, हे सांगावयास आणखी पुरावा नको.

या उद्योगाचे एक फळ तर मैदानाबाहेरचे आहे. घोड्याच्या रक्तापासून धनुर्वातावरील प्रतिविष तयार होते. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपालनातून या विद्येची वाट निघाली आणि 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिच्या लसी आज जगभरच्या बालकांना मिळतात.

महालक्ष्मीच्या सुमारे 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी द्यावयाचे 2024 साली ठरले. दाटीवाटीच्या मुंबईला मोकळी जागा हवी, यात वाद नाही. पैजेचे समर्थन करण्याचेही कारण नाही. तथापि त्या मैदानाचा हिशेब मांडताना केवळ हरलेल्या पैशांची बेरीज करणे अपुरे होईल. उत्तम ते परदेशचेच, या जुन्या समजुतीला तिथेच अडीच मिनिटांच्या दौडीत वर्षानुवर्षे उत्तर मिळत आले, तेही त्या हिशेबात जमेच्या बाजूस धरले पाहिजे.