सारंगखेड्याचा घोडा आणि पिसदुऱ्याचे शेण
(स्वागताध्यक्षीय भाषण)

दूरदूरच्या विद्यापीठांतून आलेल्या जीवाश्म-अभ्यासकांनो,

तापीकाठच्या या नंदुरबार जिल्ह्यात आपले मनापासून स्वागत. धुळ्यापासून वेगळे होऊन आम्ही जिल्हा म्हणून उभे राहिलो ते १ जुलै १९९८ रोजी, त्यामुळे सरकारदरबारी आमचे वय लहान. माती मात्र जुनी आहे. प्रकाश्याला तापी-गोमाईच्या संगमावर पुरातत्त्वज्ञ थापर यांनी १९५५ साली केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात पंधरा वर्षांचे शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे चार साथीदार गोळ्या झेलून हुतात्मा झाले. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, आणि लाल मिरचीच्या पथाऱ्या तर आपल्याला नाकानेच कळल्या असतील. डायनोसोरांशी आमचे नाते तेवढे पातळ, तेही लाव्हाचे. त्यांच्या अखेरच्या काळात उसळलेल्या लाव्हाचा काळा दगड आमच्या पायाखाली आहे आणि तो ज्या भेगांतून वर आला त्या भेगा गोठून झालेल्या भिंती नंदुरबार-धुळे पट्ट्यात जागोजाग उभ्या आहेत. हाडे आणि अंडी शोधायला मात्र आपण आजवर गुजरातेत किंवा विदर्भात जात होतात.

तरीही डायनोसोराच्या पोटाचा विचार करायला नंदुरबारइतकी योग्य जागा नाही, असा माझा दावा आहे. कारण सारंगखेडा. एकमुखी दत्ताच्या यात्रेला, दत्तजयंतीच्या सुमारास, तापीच्या काठी जो घोडेबाजार भरतो त्याची सर दुसऱ्या बाजाराला नाही. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जनावरे रांगेने उभी. दात तपासणारे, भोवरे मोजणारे, चाल पाहून भाव पाडणारे जाणकार दिवसभर त्यांच्याभोवती. यजमानाच्या अभिमानाला थोडी सवलत द्यावी. पण हा बाजार म्हणजे पचनशास्त्राची उघडी शाळा आहे. बैल कडबा खाऊन निवांत बसतो, रवंथ करतो. त्याच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू चारा आंबवतात आणि घास पुन्हा तोंडात येऊन दळला जातो. घोडा रवंथ करत नाही. तो एकदाच नीट चावतो, चारा आंबतो तो पुढे मोठ्या आतड्यात, आणि दीड-दोन दिवसांत लीद बाहेर. एकेका घासातून बैल जास्त काढतो, घोडा कमी. पण घोडा दिवसभर खात राहून हिशेब भरून काढतो. दोघांतला कार्यक्षम कोण, हे मग घासावरून ठरवायचे की दिवसावरून?

मला वाटते, लांब मानेच्या डायनोसोरांबद्दलचा घोळ इथेच आहे. त्यांना दळणारे दात नव्हते, म्हणून त्यांचे पचन गचाळ असावे, असे सहज म्हटले जाते. पोटातले दगड जात्याचे काम करत, हा तोडगाही टिकला नाही : शहामृगाच्या पोटात त्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का दगड असतात, तर या डायनोसोरांच्या सांगाड्यांत त्या मानाने नगण्य, हे विंग्ज आणि झांडर यांनी २००७ साली दाखवले. उरतो तो वेळ. २००८ साली जर्मनीत हुमेल आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या कोटीपोटातल्या रसात जुन्या वंशाच्या वनस्पती आंबवून पाहिल्या. एक्विसेटम चांगलीच पचली. अरॉकेरिया सुरुवातीला मंद, पण तीन दिवस दिले तर तीही भरपूर ऊर्जा देते. अवाढव्य पोटात चारा मुक्कामाला ठेवता येतो, आणि देह मोठा झाला की किलोमागे लागणारे अन्नही घटते. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या डायमँटिनासॉरस या लांब मानेच्या डायनोसोराच्या पोटातल्या चाऱ्याचा अश्मीभूत गोळा वर्णिला गेला. त्यातला पाला जवळजवळ न चावलेलाच होता. चावण्याचे कष्ट या प्राण्याने जंतूंवर सोपवले होते, असेच मी म्हणेन.

यावर आक्षेप आपल्याच राज्यातून येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे अश्मीभूत शेणाचे दगड मॅटली यांनी १९३९ साली वर्णिले. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताचे सिलिकाकण दाखवले आणि डायनोसोरांच्या काळात गवत होते हे जगाला मान्य करावे लागले. इतका पाला शेणात शिल्लक, म्हणजे पचन कच्चे नव्हे काय? नाही. सिलिका कोणाच्याच पोटात पचत नाही, पानावरचा मेणचट पापुद्राही चिवट असतो. गाईचे शेण सुकवून मोडले तरी काड्या दिसतात. शेणात जे उरले ते न पचणारे. जे पचले ते शेणात कसे दिसणार? दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : हे शेण नक्की कोणाचे? काही दगडांत पाण्यातले शिंपलेधारी सूक्ष्मजीवही सापडले आहेत आणि मालकाची सही कुठेच नाही. म्हणून माझा भर पिसदुऱ्यावर कमी आणि दात, पोटातले दगड व वेळ यांच्या हिशेबावर जास्त आहे. तो हिशेब चुकत असेल तर दुरुस्त करणारी मंडळी समोरच बसली आहेत.

आता क्षमायाचना, आणि ती थोडकी नाही. निवासाची सोय वसतिगृहात आहे, खाटा अरुंद आहेत, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. पडद्यावर चित्रे फिकट दिसतील. मागच्या खिडक्यांना पडदे पुरले नाहीत. मांडव घालणारे, धान्य देणारे डाळ गिरणीवाले, मिरचीचे व्यापारी, आमचूर पाठवणाऱ्या धडगावच्या भगिनी, गाड्या देणारे शहाद्याचे शेतकरी, रात्रभर भांडी घासणारी मुले : या सर्वांचा मी ऋणी आहे, आणि नाव घेऊ नका म्हणून बजावणाऱ्या देणगीदारांचा दुप्पट. दुपारच्या जेवणात वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी आहे. भाजीची दोन पातेली आहेत. पाहुण्यांसाठीचे कमी तिखटाचे पातेले डावीकडचे.