पावती मागून घ्या
(बिद्री येथे ऊसतोड मजुरांपुढे केलेले भाषण)



इथला हंगाम संपला की आपण आदिवासी माणसं वाडीवर परततो, आणि हाताला काम नसतं. मी रोजगार हमीचं काम मागितलं. दोनदा "पुढच्या आठवड्यात या" ऐकलं. मग लेखी अर्ज दिला, तारखेची पावती मागून घेतली. बाराव्या दिवशी बांधबंदिस्तीचं काम निघालं.

ही योजना आपल्या महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२च्या दुष्काळात ती वाढली, १९७७ साली कायदा झाला. २००५ साली देशानंही कायदा केला. त्यात ठरलं, की १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता द्यायचा: पहिले ३० दिवस मजुरीचा निदान पाव हिस्सा, पुढे निदान निम्मा. पण पावती नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून?

दुसरी बाजूही ऐका. त्याच कायद्यात ठरलं, की दिलेलं काम नाकारलं तर तीन महिने भत्ता बंद. घरी आजारी माणूस असलेल्या बाईला ही अट फार जड जाते. म्हणून अर्ज एकट्यानं देऊ नका, वाडीनं मिळून द्या. आपण दान मागत नाही, काम मागतो.