कारकुनाचे अक्षर



माणूस कामावर ठेवताना मालक त्याच्यात काय पाहतो, हा आजचा विषय. सरकार हाही एक मालकच. म्हणून आपल्या बीडच्या महसूल कचेरीचेच उदाहरण घेतो.

निजामाच्या राज्यात शेतकऱ्याची भाषा मराठी आणि दप्तराची उर्दू होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढे दप्तरही मराठी झाले. ज्याच्या उर्दू अक्षराला कालपर्यंत मान, त्याला ते अक्षर बाजूला ठेवावे लागले. मग टंकलेखन आले. लिपिकाला मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४० यायला हवेत. २००१ पासून संगणकाची एमएस-सीआयटी आली.

ही आणखी एक पायरी, एवढेच आहे काय? मला तसे वाटत नाही. आजवर लिपी बदलली, हत्यार बदलले. नोंद करण्याचे काम कारकुनाकडेच राहिले. संगणकाने ते कामच हलवले. सातबाऱ्यावर पीक लिहायला तलाठी बांधावर येई. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे, अशी व्यवस्था झाली. म्हणजे तलाठ्याचे अर्धे कौशल्य आता शेतकऱ्याकडून मागितले जाते, आणि तेही बिनपगारी!

मग तलाठ्याकडे उरले काय? उरले ते अवघड काम. यंत्रातले क्षेत्र एक, जमिनीवरचे दुसरे. वारसाचे नाव चुकलेले. दोन भावांची वहिवाट कागदाशी जुळत नाही. खरे कोणते, हे यंत्र सांगत नाही. त्याला जमीन, कायदा आणि माणसे, तिन्ही ओळखावी लागतात.

२०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि १० लाखांवर अर्ज आले. परीक्षा संगणकावर झाली. विषय मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन व अंकगणित. बांधावरचा तंटा त्यात कोठे बसणार? पूर्वी नवा माणूस अव्वल कारकुनाच्या शेजारी बसून शिके. गडावरचा आपला नारायण 'नगद' म्हणवतो. आजच्या मालकालाही कौशल्य तसेच नगद हवे, शिकवण्याची उधारी नको.

या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव दिलेत, लॅपटॉप दिलात. आता नव्या माणसाला निदान एक खरीप आणि एक रब्बी जुन्या तलाठ्याबरोबर शिवारात फिरवा. तेवढा पगार सरकारने शिकण्याचा म्हणून मोजावा.